संक्रमण वर्ष : कुणाचे आणि कशासाठी?

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचा अर्ज भरेपर्यंत आपल्याकडच्या मुलाला मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत त्याच्या पुढच्या आयुष्याची शाखा ठरते. ज्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत तेथे हा निर्णय आठवी-नववीपासून शिजत असतो. काका इंजिनिअर असतो, मावशी बँकेत असते, शेजारी डॉक्टर असतो. ज्या घरातून दहावीपर्यंत पोचलेले ते पहिलेच लेकरू आहे, तेथे विचारायला कुणी नसते. मी स्वतः कला शाखा घेतली, कारण सकाळच्या एस.टी.ने वेळेवर गाठता येईल असे तालुक्याच्या गावी तेवढे एकच महाविद्यालय होते. आज मी जेथे शिकवतो तेथे प्रवेशाच्या रांगेतल्या मुलांना विचारले तर अशीच कारणे ऐकू येतात : मित्र इकडे आला, गुण एवढेच पडले, वसतिगृह जवळ आहे. याला निवड म्हणायचे की नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीने गंभीरपणे विचारला पाहिजे.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला निवड करण्यापूर्वी थोडा वेळ आणि थोडे जग द्यावे, या विचारातून आयर्लंडने शालेय शिक्षणाच्या मधोमध एक अख्खे वर्ष मोकळे केले. तेथे त्याला 'ट्रान्झिशन इयर' म्हणतात. आपण संक्रमण वर्ष म्हणू. असे वर्ष आखतात कसे आणि प्रत्यक्षात ते कुणाच्या पदरात पडते, हे दोन्ही प्रश्न पन्नास वर्षांच्या त्या अनुभवातून तपासता येतात. आपल्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

१. प्रयोगाची घडण

आयर्लंडमधील माध्यमिक शिक्षण दीर्घकाळ मुख्यतः चर्चच्या संस्थांच्या हाती आणि फी भरणाऱ्यांच्या आवाक्यात होते. 1966 साली शिक्षणमंत्री डोनाह ओमॅली यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली आणि 1967 पासून ती अमलात आली. शेतकऱ्यांची व कामगारांची मुले प्रथमच मोठ्या संख्येने माध्यमिक वर्गात येऊन बसली. परंतु वर्गाचे दार उघडले तरी परीक्षेचे जाते तेच राहिले. मुलगा एका परीक्षेतून सुटला की दुसऱ्या परीक्षेच्या तयारीला जुंपला जाई. 1974 साली तेव्हाचे शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांनी या जात्यातून मुलाला वर्षभर बाहेर काढण्याची कल्पना मांडली. सुरुवात अवघ्या तीन शाळांत झाली. पुढची वीस वर्षे हा प्रयोग मर्यादितच राहिला. 1994 मध्ये तो मुख्य प्रवाहात आणण्यात आला, मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि शाळांची संख्या झपाट्याने वाढली. आज तेथील बहुसंख्य माध्यमिक शाळांत हे वर्ष आहे. 2024 साली त्यासाठी नवे कार्यक्रम-निवेदन प्रसिद्ध झाले असून 2025 पासून त्यानुसार काम सुरू झाले आहे.

रचना सोपी आहे. पहिली तीन वर्षे कनिष्ठ टप्पा, मग संक्रमण वर्ष, त्यानंतर दोन वर्षांचा वरिष्ठ टप्पा आणि शेवटी 'लीव्हिंग सर्टिफिकेट' ही परीक्षा. महाविद्यालयाचा प्रवेश मुख्यतः त्या परीक्षेच्या गुणांवर ठरतो. मधल्या वर्षाला शासनाची परीक्षा नाही आणि देशभर एकच ठरलेला अभ्यासक्रमही नाही. प्रत्येक शाळेने आपला कार्यक्रम आपणच लिहायचा असतो. बहुतेक शाळांत ते ऐच्छिक आहे, काही शाळांत सर्वांना सक्तीचे.

२. आखणी कशी करतात

'मोकळे वर्ष' या शब्दाने फसू नये. आखणी नसलेले मोकळे वर्ष म्हणजे सुखवस्तू मुलाला सुटी आणि गरीब मुलाला मजुरी. आयरिश शिक्षकांनी ही आखणी चार थरांत केली आहे.

पहिला थर गाभ्याच्या विषयांचा : भाषा, गणित, शारीरिक शिक्षण वगैरे. हे विषय सुटत नाहीत, पण शिकवण्याची रीत बदलते. पुढच्या दोन वर्षांचा भाग आधीच उरकून घेण्यासाठी हे वर्ष वापरू नये, असे 1994 च्या तत्त्वांत स्पष्ट बजावले आहे. तेथेही पालकांचा आणि शाळांचा मोह तोच होता, हे यावरून कळते.

दुसरा थर विषय चाखून पाहण्याचा. ज्यातून पुढे निवड करायची ते भौतिकशास्त्र, हिशेबशास्त्र, तांत्रिक आरेखन, एखादी नवी भाषा असे विषय काही आठवडे प्रत्यक्ष शिकून पाहायचे. नावावरून वा गुणांवरून विषय घेण्याऐवजी त्याची चव घेऊन तो घ्यायचा वा सोडायचा.

तिसरा थर केवळ या वर्षासाठी तयार केलेल्या विषयांचा. एखादी छोटी कंपनी काढून तिचा माल विकणे, स्थानिक इतिहासाचा शोध, नाटक, प्रथमोपचार, वृत्तपत्रांचा अभ्यास असे अनेक प्रकार यात येतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम परिषदेने सुमारे पंचेचाळीस तासांची विषय-एककेही तयार करून दिली आहेत. शाळेने त्यांतून घ्यावे वा स्वतःचे रचावे.

चौथा थर दिनदर्शिकेचा. कामाच्या ठिकाणी घेतलेला अनुभव, समाजसेवा, सहली, व्याख्याने, वर्षअखेरचा नाट्यप्रयोग यांच्या तारखा वर्षाच्या आरंभीच बांधल्या जातात. कामाचा अनुभव कुठे सलग एक-दोन आठवडे, तर कुठे दर आठवड्याला एक दिवस असा ठेवतात. 1985 साली सुरू झालेला 'गाश्का' हा राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कारही अनेक मुले याच वर्षात पुरा करतात.

हे सारे एका शिक्षकाच्या उत्साहावर सोडलेले नाही. शाळेत एक समन्वयक असतो, त्याच्याबरोबर शिक्षकांचा गट असतो, कार्यक्रम लिहून काढलेला असतो आणि वर्ष संपल्यावर त्याचा फेरविचार होतो. मूल्यमापन होते ते कामाच्या संग्रहावरून, रोजनिशीवरून, प्रकल्पावरून आणि मुलाखतीवरून. मुलगा वर्षभरात काय शिकला हे त्याने स्वतः मांडायचे असते. पाठांतरात मागे पडणारा पण बोलण्यात आणि करण्यात पुढे असणारा मुलगा येथे प्रथमच शाळेच्या नजरेत भरतो.

३. हे वर्ष कुणाला मिळते?

2004 साली डब्लिनच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने या वर्षाची सविस्तर पाहणी प्रसिद्ध केली. हे वर्ष घेतलेल्या मुलांना, कौटुंबिक पार्श्वभूमीचा फरक हिशेबात धरूनही, शेवटच्या परीक्षेत सरासरीने जास्त गुण मिळाल्याचे तीत दिसले. एक वर्ष 'वाया' गेल्याने नुकसान होते ही समजूत त्यामुळे टिकत नाही. पण त्याच पाहणीने दुसरी बाजूही पुढे आणली. वंचित वस्त्यांतील शाळांत हे वर्ष उपलब्ध असण्याचे प्रमाण कमी होते. जेथे ते सर्वांना सक्तीचे होते तेथे विद्यार्थी कमी समाधानी होते.

कारणे उघड आहेत. सहली, शिबिरे, पाहुणे वक्ते यांना पैसा लागतो. अनेक शाळा त्यासाठी पालकांकडून काही शे युरो घेतात. शिवाय जे घर मुलाच्या कमाईची वाट पाहत आहे, त्याला कमाई एक वर्ष पुढे ढकलणे परवडत नाही. आयर्लंडमधील ट्रॅव्हलर हा भटका समाज, ज्याला स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यता मिळायला 1 मार्च 2017 उजाडावा लागला, त्याच्यातील माध्यमिक शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण उर्वरित समाजाच्या मानाने अतिशय कमी आहे. ज्या मुलाला शाळाच टिकू देत नाही त्याच्यासाठी मधल्या मोकळ्या वर्षाची चर्चा दूरची ठरते.

सर्वांत बोलकी गोष्ट कामाच्या अनुभवाची आहे. कामाचे ठिकाण बहुधा मुलानेच शोधायचे असते. वकिलाची मुलगी ओळखीच्या वकिलाच्या कचेरीत जाते, डॉक्टरचा मुलगा रुग्णालयात जातो, आणि ज्याच्या घरी अशी ओळख नाही तो कोपऱ्यावरच्या दुकानात माल रचतो. अनुभव दोघांनाही मिळतो. एकाला त्याच्या भविष्याचा, दुसऱ्याला त्याच्या बापाच्या वर्तमानाचा. समतेच्या हेतूने आखलेले वर्षसुद्धा एवढ्या एका ढिलाईमुळे विषमतेची फेरलागवड करू शकते.

४. कामाचा अनुभव आणि जात

येथे आपल्याला थांबून विचार करावा लागतो, कारण आपल्या देशात काम हे केवळ वर्गाशी नव्हे, जातीशी बांधलेले आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलाने घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली. श्रमाला प्रतिष्ठा देण्याची भाषा बोलत बोलत चर्मकाराच्या मुलाला पुन्हा रापीशी आणि भंग्याच्या मुलाला पुन्हा झाडूशी कसे नेऊन बसवता येते, याचा हा धडा आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची तरतूद आहे. कल्पना वाईट नाही. ब्राह्मणाच्या मुलाने चाक फिरवून पाहिले तर मला आनंदच होईल. पण कुंभाराच्या मुलाला त्या दहा दिवसांत कुठे पाठवणार? त्याला प्रयोगशाळेत, न्यायालयात, छापखान्यात, बँकेत पाठवण्याची हमी कुणी घेतली आहे का? आमच्या पिढीला 'कार्यानुभव' हा विषय गुणपत्रिकेवरच्या एका श्रेणीपुरता माहीत आहे. त्या तासाला मैदान कुणी झाडले आणि फुलदाणी कुणी रंगवली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी सरकारचा शिक्षणावरचा पैसा कुणाच्या मुलांवर खर्च होतो, हा प्रश्न टाकला होता. प्रत्येक नव्या शैक्षणिक योजनेला तोच प्रश्न विचारायला हवा.

५. आपल्याकडे करायचे तर

आपल्याकडे असे वर्ष आले तर त्याच्या काही अटी आपण आधीच मांडून ठेवल्या पाहिजेत. पहिली : ते मान्यताप्राप्त शालेय वर्ष असले पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा प्रवेश, एस.टी.चा पास हे सारे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला चिकटलेले आहे. मान्यतेबाहेरचे वर्ष श्रीमंताच्या मुलाला विश्रांती ठरेल. आपल्या मुलाला मात्र पुढच्या प्रवेशाच्या वेळी 'गॅप'चे प्रतिज्ञापत्र करत फिरावे लागेल. दुसरी : पालकांकडून एक पैसाही घेऊ नये, आणि ज्याची मजुरी बुडते त्याला विद्यावेतन द्यावे. तिसरी : कामाचे ठिकाण शाळेने शोधावे, आणि मुलाला त्याच्या घराण्याच्या धंद्यात पाठवू नये. चौथी : मुलींची ठिकाणे जाण्या-येण्याच्या सोयीसह ठरवावीत, नाहीतर हे वर्ष म्हणजे लग्नाची बोलणी करायला मिळालेली सवड होईल.

शासन हे केव्हा करील याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते आणि अकरावीचे वर्ग भरेपर्यंत तीन-चार महिने जातात. या काळात पैसेवाल्यांची मुले पुढच्या शिकवण्यांना बसतात. आपली मुले वीटभट्टीवर, बांधकामावर, लग्नाच्या पंगतीत वाढायला जातात. वस्तीतल्या अभ्यासिकेला, विहारातल्या वर्गाला, महाविद्यालयातल्या विद्यार्थी मंडळाला या महिन्यांत चार थरांचा छोटा कार्यक्रम आखता येईल. सकाळी दोन तास भाषा व गणित. आठवड्यातून तीन दिवस विज्ञान, वाणिज्य, कला, कायदा, तंत्रनिकेतन यांची ओळख, आणि तीही तो विषय प्रत्यक्ष शिकणाऱ्या आपल्याच मुलामुलींकडून. एक दिवस वस्तीचा इतिहास म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेण्याचा. आणि निदान एक आठवडा कामाच्या ठिकाणी.

ते ठिकाण शोधणे ही आपली जबाबदारी आहे. आरक्षणाच्या दोन-तीन पिढ्यांनी आपल्यात परिचारिका, वकील, अभियंते, बँक कर्मचारी, तहसील कचेरीतले कारकून, प्राध्यापक निर्माण केले आहेत. वर्गणी मागायला आपण त्यांच्या दारी जातो. यापुढे प्रत्येकाकडून एका मुलाला आठवडाभर सोबत ठेवण्याचे वचन घ्यावे आणि त्यांची नावे एका वहीत लिहून काढावीत. सवर्ण घरातल्या मुलाला जन्मतःच मिळणारी ओळखींची वही ती हीच. आपल्या मुलांसाठी ती आपल्याला बसून लिहावी लागेल, आणि पुढच्या मार्चपूर्वी लिहावी लागेल.