मल्लाची मान आणि मैदानाची माती

वऱ्हाडच्या कपाशीच्या काळ्या भूमीत, खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारखे मोठे गाव असो की एखादे आडवळणाचे खेडे असो, नागपंचमी जवळ आली किंवा गावदेवाच्या यात्रेची तिथी मुक्रर झाली की चावडीवर कुस्त्यांच्या दंगलीची भाषा सुरू होते. वर्गणी जमते, इनामाच्या रकमा ठरतात, लांबलांबच्या तालमींतील वस्तादांना निरोप जातात, कोणाची जोड कोणाशी लावावी यावर रात्र रात्र खल होतो. या सगळ्या तयारीत दोन प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही: ज्या मातीवर हे तरुण देह आदळणार आहेत ती माती कशी आहे, आणि एखाद्याची मान, गुडघा किंवा मेंदू दुखावला तर पुढल्या दहा मिनिटांत कोणी काय करावयाचे?

इनामाच्या कुस्तीवर ज्याचा खुराक, ज्याचे घर आणि ज्याची प्रतिष्ठा अवलंबून असते, त्या पहिलवानाचे शरीर हेच त्याचे भांडवल होय; आणि असे असूनही इजा म्हणजे मर्दाचे लेणे, ती अंगावर मिरवावयाची, तिची वाच्यता करावयाची नाही, असा शिरस्ता आपल्या तालमींत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या शिरस्त्याची किंमत किती जबर असू शकते, हे एप्रिल २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यात दिसून आले. यात्रेतील मैदानात कुस्ती खेळताना एका तरुण मल्लाच्या मानेला दुखापत झाली आणि काही दिवसांच्या उपचारांनंतर त्याचा अंत झाला. अशी घटना घडली की लोक दैवाला दोष देतात. परंतु मानेचा मणका दैवाने मोडत नाही; तो बलाच्या, कोनाच्या आणि काळाच्या निश्चित नियमांनी मोडतो, आणि नियम ज्ञात असले की त्यांचा बंदोबस्तही करता येतो.

प्रथम मातीचा विचार करू. कलाजंग किंवा ढाक यांसारख्या उचलून टाकण्याच्या डावात मल्लाचे शरीर सव्वा मीटर उंचीवरून खाली आले असे धरले, तर जमिनीला स्पर्श होण्याच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर आणण्यासाठी शरीरावर किती बल पडेल, हे केवळ एका गोष्टीवर अवलंबून असते: थांबण्यासाठी त्याला किती अंतर मिळाले. नीट खणलेली, भुसभुशीत माती दहा सेंटीमीटर दबली, तर सरासरी बल त्या मल्लाच्या वजनाच्या सुमारे तेरा पट पडते. तीच जमीन घट्ट असून एकच सेंटीमीटर दबली, तर ते सव्वाशे पटींच्या घरात जाते. डाव तोच, मल्ल तोच, उंचीही तीच. तथापि पहिल्या प्रसंगी तो अंग झाडून उठतो आणि दुसऱ्या प्रसंगी त्याला उचलून न्यावे लागते.

आपल्या जुन्या वस्तादांना हे गणित ठाऊक नसले तरी त्याचे उत्तर ठाऊक होते. आखाड्यासाठी तांबडी माती निवडून आणावयाची, ती चाळावयाची, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळावयाचा आणि रोज फावड्याने खणून ती मोकळी ठेवावयाची, ही तालमीतील शिस्त मुख्यतः आघात शोषून घेणारी जमीन तयार करण्याचीच युक्ती आहे. वऱ्हाडात या शिस्तीचे महत्त्व दुप्पट होते, कारण येथली काळी माती मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाने समृद्ध असते. हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. म्हणून पावसाळ्यात ती माती चिकट चिखल होते व पाय त्यात रुतून बसतो, तर चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात आणि तिची ढेकळे दगडासारखी कठीण होतात. पहिल्या अवस्थेत पाऊल रुतलेले असताना वरचे शरीर वळते आणि गुडघा पिळवटतो. दुसऱ्या अवस्थेत पाठ, खांदा आणि डोके यांना आघाताचा संपूर्ण हिसका बसतो. यात्रेच्या आदल्या दिवशी एखादे शेत नांगरून त्यावर दोर बांधला म्हणजे आखाडा झाला, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

इजांमध्ये सर्वांत भयंकर ती मानेची. मानेत सात मणके असतात आणि त्यांची रचना किंचित पुढे झुकलेल्या कमानीची असते. या कमानीमुळे डोक्यावर पडलेला भार स्नायू व अस्थिबंध यांच्यात वाटला जातो. परंतु हनुवटी छातीकडे सुमारे तीस अंशांनी झुकली की ती कमान सरळ होते, सातही मणके एका रेषेत येतात, आणि अशा स्थितीत माथ्यावर शरीराचा भार कोसळला तर तो वाटून घेण्यास काहीच उरत नाही. मणका फुटतो किंवा जागचा सरकतो आणि आतील मज्जारज्जू चिरडला जातो. श्वासपटलाला चालना देणारा मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पातळीवरून निघतो. त्यामुळे इजा याहून वर झाली तर हातपाय लुळे पडतातच, शिवाय श्वासही थांबतो. पाठ मातीला लागू नये म्हणून डोके आणि टाचा यांवर देह तोलून धरणारा, आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याचे सारे वजन अंगावर घेणारा मल्ल या धोक्याच्या अगदी काठावर उभा असतो.

या यांत्रिकीचा उलगडा अमेरिकन फुटबॉलमधील इजांच्या अभ्यासातून झाला. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी मान मोडलेल्या खेळाडूंच्या नोंदी जमवून दाखवून दिले की डोके खाली घालून माथ्याने धडक देणे हेच या इजांचे प्रमुख कारण आहे. १९७६ साली अशा धडकेवर बंदी आली आणि पुढील काही वर्षांत कायमचे पंगुत्व येणाऱ्या खेळाडूंची संख्या झपाट्याने घटली. खेळ तोच राहिला, त्याचा जोम कमी झाला नाही, प्रेक्षकही हटले नाहीत. केवळ एका नियमाने कित्येक तरुणांचे हातपाय वाचले.

गुडघ्याची इजा जीव घेत नाही, परंतु कारकीर्द घेते. १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळेच १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला मुकावे लागले. आणि २०१६ साली रिओ येथे विनेश फोगाट हिला ऐन लढतीत गुडघा निखळल्याने आखाड्याबाहेर उचलून न्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. एकेरी पट किंवा टांग हे डाव लागताना पाऊल जमिनीत रोवलेले आणि मांडी वळलेली असेल, तर गुडघ्याच्या आतील एकमेकांना छेदणारे अस्थिबंध ताणून तुटतात. आणि हा बंध तुटल्यावर केवळ शेक व लेप यांनी तो पुन्हा सांधला जात नाही, ही गोष्ट गावोगावच्या पहिलवानांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

पहिलवानाची ओळख समजले जाणारे सुजून गोळा झालेले कानही खरे पाहता उपचाराविना राहिलेली इजाच होय. कानाच्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिच्यावरील पातळ आवरणातून तिचे पोषण होते. घर्षणाने हे आवरण सुटते, मध्ये रक्त साचते, कूर्चा उपाशी पडून मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी गाठ तयार होते. पहिल्या काही दिवसांतच डॉक्टरांकडून ते रक्त काढून कानावर दाब देऊन पट्टी बांधली, तर कान वाचतो.

दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या अमेरिकन धंदेवाईक कुस्तीविषयी येथे सांगितलेच पाहिजे, कारण आपली मुले तिचे अनुकरण करतात. त्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, परंतु पडणे ठरवून खोटे करता येत नाही. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छताजवळून खाली सोडला जात असताना पडून मरण पावला. त्याच वर्षी डॅरेन ड्रोझडोव्ह हा डाव चुकल्याने कायमचा पंगू झाला. २००७ साली पत्नी व मुलाची हत्या करून आत्महत्या केलेल्या क्रिस बेन्वा याच्या मेंदूच्या तपासणीत, वारंवार बसलेल्या आघातांनंतर आढळणारी टाऊ नावाच्या प्रथिनाची पुटे दिसून आली. डोक्याला हिसका बसून मल्ल क्षणभर भांबावला, त्याला मैदान फिरल्यासारखे वाटले किंवा ओकारी आली, तर रक्त दिसो वा न दिसो, मेंदूला इजा झाली आहे असेच समजावे. आणि त्या दिवशी त्याला पुन्हा आखाड्यात उतरवणे हा अक्षम्य अपराध मानावा.

वजनगटात बसण्यासाठी देहातील पाणी आटवण्याची प्रथाही अशीच जीवघेणी आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल रबरी पोशाख घालून उष्ण खोलीत घाम गाळताना मरण पावले. कारण रक्तातील पाणी घटले की घाम कमी होतो, शरीराचे तापमान चढते आणि हृदय थकते. त्यानंतर तेथे रबरी पोशाख व उष्ण खोल्या या दोहोंवर बंदी आली. २०२४ साली पॅरिस येथे १०० ग्रॅम वजन अधिक भरल्याने विनेशचे पदक गेले, याची हळहळ देशाने व्यक्त केली. पण ते वजन उतरवण्याकरिता तिने रात्रभर पाण्याविना शरीराचे काय हाल केले, याची चिंता फार थोड्यांनी केली.

मातीतून येणारा एक धोका तर अगदी स्वस्तात टळतो. शेणखत मिसळलेल्या जमिनीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजे वर्षानुवर्षे टिकतात. हळदीने किंवा तेलाने ती मरत नाहीत. खरचटलेल्या कोपरातून ती आत शिरली तर प्राणांवर बेतते. दहा व सोळा वर्षे वयाला सरकारी केंद्रात विनामूल्य मिळणारी लस, आणि पुढे दर दहा वर्षांनी एक मात्रा, एवढ्याने या धोक्याचा बंदोबस्त होतो. नायट्यासारखे त्वचारोग अंगाला अंग घासून पसरतात; म्हणून अंगावर चट्टा असलेल्या मल्लाला बरे होईपर्यंत जोड देऊ नये.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही वय, देह व बळ पाहून मल्लांचे वर्ग पाडलेले आहेत. विषम जोड लावू नये, हा विचार आपल्याच मातीतला आहे. त्याची अंमलबजावणी तेवढी राहिली आहे.

तेव्हा पिंपळगाव राजाच्या आणि वऱ्हाडातील प्रत्येक गावच्या यात्रा समितीला विनंती अशी की, इनामाचा जाहीरनामा काढण्यापूर्वी चार गोष्टींची तजवीज करावी. आखाड्याची माती निदान एक वीत खोल खणून, चाळून, मोकळी करावी. वजन करूनच जोड लावावी. डोक्यावर आपटणारा डाव दिसताच कुस्ती सोडवण्याचा अधिकार पंचाला द्यावा. आणि मैदानाशेजारी एक सरळ फळी व एक जाणता माणूस ठेवावा. कोणी मानेला इजा होऊन पडला, तर त्याला बसवू नये, त्याची मान चोळू किंवा झटका देऊन ‘बसवू’ नये. डोके, मान व धड एका रेषेत धरून, १०८ क्रमांकावर इत्तला देऊन, फळीवरूनच त्याला खामगावच्या सरकारी रुग्णालयात आणि गरज पडल्यास तेथून अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. या साऱ्याला लागणारा खर्च शेवटच्या कुस्तीच्या इनामाहून कमीच असेल. गावाने हा खर्च इनामाच्या आधी बाजूला काढावा. जे मैदान तो करू शकत नाही, ते त्या वर्षी भरवू नये.