न्हाणीघराची गोष्ट (भाग 7) : गुराची वैरण, तोंडाचा लेप

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात आलेल्या शेतकऱ्यापुढे ‘ओट’ म्हणा, त्याला हिरवी वैरण आठवेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले हरिता’ हा ओटाचा वाण काढला तोही वैरणीसाठीच. रब्बीत पेरायचा आणि फुलोऱ्यात आला की कापायचा. दाणा भरायच्या आतच पीक गव्हाणीत जातं. त्यामुळे किराणा दुकानातल्या पुड्यातले ओट्स आपल्या शिवारातले नसतात, परदेशातून येणाऱ्या मालात मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा असतो. माझ्या ओळखीतल्या एका सुनेनं ते भिजवून चेहऱ्याला लावले, तर सासूबाई म्हणाल्या, “कामून फासायलीस गं गुराची वैरण तोंडाला?”

प्रश्न रास्त आहे. न्हाणीघरात डाळीचं पीठ असताना ओट्स कशाला? कारण दोघांचं काम वेगळं. मागच्या भागात पाहिलं तसं डाळीचं पीठ मळ आणि तेल ओढून घेतं, म्हणजे ते धुतं. ओट्सही थोडं धुतात, पण त्यांचं खरं काम शांत करण्याचं. दाण्यात बीटा-ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ असतो. ओट्सची लापशी बुळबुळीत होते ती त्याच्यामुळे. हाच पदार्थ त्वचेवर पातळ थर धरतो आणि ओलावा टिकवतो. शिवाय अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्यं असतात. ती खाज आणि लाली कमी करतात, आणि ज्वारी-गव्हात ती मिळत नाहीत. अमेरिकेत 1945 साली मशर बंधूंनी ओटाचं बारीक पीठ अंघोळीच्या पाण्यात टाकण्यासाठी बाजारात आणलं. 2003 साली तिथल्या औषध नियामकांनी अशा पिठाला त्वचारक्षक म्हणून अधिकृत मान्यता दिली. म्हणजे हे केवळ समाजमाध्यमांवरचं खूळ नाही.

आता पीठ. साधे, बिनमसाल्याचे ओट्स घ्या. (मसाला ओट्स लावून डोळे चोळत बसलेली एक मुलगी मी पाहिली आहे, म्हणून सांगते.) कोरड्या भांड्यात मिक्सरवर दळा आणि मैद्याच्या चाळणीनं चाळा. पीठ पुरेसं बारीक झालं का, हे बघायचं तर चमचाभर पेलाभर पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर जमलं. सगळं लगेच तळाशी बसलं तर पुन्हा दळा. पीठ पंधरवड्यापुरतंच करा, ओट्समध्ये तेलाचा अंश बराच असल्यामुळे जुनं पीठ खवट होतं.

लेपासाठी दोन चमचे पीठ, साधारण चार चमचे कोमट पाणी, आणि दहा मिनिटांचा धीर. पीठ फुगू द्यायचं, मगच ते चेहऱ्यावर नीट बसतं. दहा-पंधरा मिनिटं ठेवून ओलसर असतानाच धुवा. चेहरा ताणेपर्यंत वाळवायचा आणि मग खरवडून काढायचा, ही सवय चुकीची आहे. वाळताना तो लेप त्वचेतलंच पाणी ओढतो.

त्वचा कोणती, हे ठरवायला चेहरा धुवून तासभर काहीही लावू नका. सगळीकडे ओढल्यासारखं वाटलं तर कोरडी, सगळीकडे चमक आली तर तेलकट, नाक-कपाळ चमकलं आणि गाल ओढले तर मिश्र. पण आपल्या बीड जिल्ह्यात एक घोळ होतो. बोअरचं पाणी जड असलं की साबणाचा चिकट थर अंगावर राहतो आणि कुणाचीही त्वचा ओढते. म्हणून ही परीक्षा साबणाशिवाय करा. स्वतःला कोरड्या त्वचेची समजणाऱ्या कितीतरी जणींचा दोष पाण्याचा आणि साबणाचा निघतो.

कोरड्या त्वचेला पाण्याऐवजी दूध घ्या, वर बोटभर साय. धुतल्यावर चेहरा ओला असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळा. तेलकट त्वचेला पातळ ताक आणि अर्धा चमचा मुलतानी माती. खरं सांगायचं तर तेलकट चेहऱ्याला ओट्सपेक्षा मसुरीचं पीठ स्वस्त आणि सरस. मुरुम येत असतील तर साय, तेल काही नको. मिश्र त्वचेला वेगळी कृती शोधत बसू नका. गालांना दुधातला लेप, नाक-कपाळाला ताकातला. लगेच लाल होणाऱ्या नाजूक त्वचेला फक्त ओट्स आणि पाणी. ओट्सचा खरा उपयोग इथेच आहे, आणि नेमक्या याच लोकांना हळद, मध, गुलाबपाणी असं सगळं एकत्र घालायचा मोह होतो.

लिंबू कुणीच घालू नये. त्यातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात, मागे काळे डाग राहतात. लेप लावून दुपारी रानात जाणाऱ्या बाईला ते परवडणारं नाही. खाण्याचा सोडाही नको. त्वचा किंचित आंबट असते, सोडा तो तोल बिघडवतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावून चोवीस तास वाट बघा. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून, कारण ओट्सच्या मालात बरेचदा गव्हाचा अंश असतो. तान्ह्या बाळाच्या चिरलेल्या, चट्टे आलेल्या अंगाला हा घरचा लेप लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि वांग? उन्हातान्हात खुरपणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गालांवरचे ते काळपट डाग ओट्सनं जात नाहीत. गोरेपण तर येतच नाही. वांगासाठी पहिला उपाय म्हणजे डोक्यावरून घेतलेला पदर किंवा स्कार्फ. दुकानातून आणलेल्या बिनचिठ्ठीच्या ट्यूबपेक्षा तो कधीही बरा. त्यातल्या काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा उजळतो, महिन्यांनी कातडी पातळ होऊन लाल पडते. असं झालं असेल तर घरचे लेप थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

पुढच्या आठवड्यात रिठा आणि शिकेकाई. बोअरच्या ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यात रिठ्याला कसा येतो ते पाहू. तोवर चार-पाच रिठे आणून ठेवा.