गुडघ्यांची कुरकुर आणि रक्ताची साक्ष

सामायिकासाठी मांडी घालून बसता येत नाही, खमासमण देताना गुडघे साथ देत नाहीत, अशी खंत घरोघरी ज्येष्ठ श्रावक-श्राविका व्यक्त करतात. वयाकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. मात्र एकदा रक्ताचीही साक्ष काढावी.

मेथिओनिन या अमिनो आम्लापासून शरीरात होमोसिस्टीन तयार होते. बी-१२, फोलेट आणि बी-६ ही जीवनसत्त्वे त्याचा निचरा करतात. ती कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील ६७ टक्के मध्यमवयीन पुरुषांत बी-१२ कमी, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक आढळले. शाकाहाराशी या कमतरतेचा निकटचा संबंध होता.

आमवाताच्या रुग्णांत होमोसिस्टीन अनेकदा वाढलेले आणि बी-६ घटलेले दिसते. तथापि, या जीवनसत्त्वांनी झिजलेला सांधा पूर्ववत होतो, असे सिद्ध झालेले नाही. आमवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध फोलेटच्या कार्यात अडथळा आणते, म्हणून डॉक्टर त्यासोबत फॉलिक ॲसिड देतात. ते परस्पर बंद करू नये.

खरा धोका निराळाच आहे. बी-१२ अभावी नसा दुबळ्या होतात. पायांना मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो, तोल जातो. हे सारे गुडघ्यांच्या माथी मारले जाते आणि उपचाराची वेळ टळते. केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्तक्षय झाकला जातो, नसांची हानी मात्र चालूच राहते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व आम्लपित्तावरील काही गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी विशेष सावध असावे.

पर्वतिथींना व चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्या, तरी मूग, हरभरा, मसूर यांतून फोलेट मिळते. बी-१२ मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध, दही, ताक यांतून थोडे मिळते, पण कमतरता भरून काढण्यास तेवढे सहसा पुरत नाही. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरण मागून घ्यावे.

व्रत आणि आरोग्य यांत विरोध नाही. देह हे साधनेचे साधन होय. येत्या पर्युषणापूर्वी घरातील ज्येष्ठांची बी-१२ तपासणी करून घ्यावी, आणि गरज भासल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने होमोसिस्टीनचीही.