चिठ्ठीवरचे ‘स्टूल’ म्हणजे काय?

डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर ‘स्टूल टेस्ट’ असे लिहिलेले असते. आपल्या घरात स्टूल म्हणजे पंखा पुसायला ज्यावर चढतो ते. मग तपासायचे कसले स्टूल? विचारायला लाज वाटते आणि चिठ्ठी डब्यात पडून राहते. म्हणून आज आम्ही या शब्दाचीच माहिती देत आहोत.

जुन्या इंग्रजीत हा शब्द बसायच्या आसनासाठी होता. पुढे इंग्लंडमध्ये शौचासाठी खाली भांडे ठेवलेली बैठक आली. तिलाही स्टूल म्हणू लागले. मग त्या भांड्यात जे पडते त्यालाही तेच नाव चिकटले. आपणही असेच करतो. संडास ही खरे तर जागा, पण ‘पातळ संडास झाली’ असे आपण सहज म्हणतो. तेव्हा स्टूल टेस्ट म्हणजे शौचाची, विष्ठेची तपासणी.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री (राज्यकाळ 1509 ते 1547) याच्या शौचाची व्यवस्था पाहायला दरबारात खास अधिकारी असे. राजाच्या इतक्या जवळचा म्हणून त्याला मोठा मान होता. आपल्याकडे मात्र मैल्याच्या कामावरून माणसांनाच अस्पृश्य ठरवले. दोष कामात नव्हता, पाहणाऱ्याच्या नजरेत होता. ती लाज आपण दवाखान्यात कशाला न्यायची?

या तपासणीतून जंतांची अंडी, आवेचे जंतू, डोळ्यांना न दिसणारे रक्त कळू शकते. काही जंत आतड्यातून रक्त शोषतात. अंगातले रक्त कमी होण्याचे ते एक कारण असते.

नमुना लॅबने दिलेल्या स्वच्छ, कोरड्या डबीतच घ्यावा. त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये. चमचाभर पुरतो. झाकण घट्ट लावावे, डबीवर नाव लिहावे आणि लवकर पोहोचवावी. नंतर साबणाने हात धुवावेत.

शौचातून रक्त पडले, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा डोळे पिवळे होऊन ते पांढुरके झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

आणि चिठ्ठीवरचा शब्द कळला नाही, तर खिडकीवरून हलण्याआधी विचारा. ते सांगणे त्यांचे काम आहे.