अधिकाराच्या खुणा (भाग ८) : मिरवणुकीच्या पुढे चालणारा दंड

गेल्या आठवड्यात दीक्षान्त समारंभातले झगे आणि टोप्या पाहिल्या. आज त्या सगळ्यांच्या पुढे चालणारी वस्तू. कुलपती असोत की कुलगुरू, मिरवणुकीत ते मागेच असतात; पहिला मान दंडाचा. विधानसभेत ‘राजदंड पळवला’ अशी बातमी अधूनमधून येते, त्यामुळे या वस्तूचे वजन आपल्याला वेगळे सांगायला नको.

मुळात हे हत्यार. मध्ययुगीन युरोपात चिलखतावर तलवारीचे पाते फारसे चालत नसे, तिथे पोलादी पाकळ्यांची गदा कामी येई. राजाचे शिपाई ती बाळगत आणि तिच्या दांड्याच्या बुडाशी राजचिन्ह कोरलेले असे. हाणामारीचे काम सरले तसे शिपायाने फक्त ते चिन्ह दाखवले तरी भागू लागले. मग बूड वाढत गेले, पाकळ्या आक्रसत गेल्या आणि शेवटी दंड चक्क उलटा धरला जाऊ लागला. इंग्लंडमधल्या नगरपालिकांच्या जुन्या दंडांवर आज जो मुकुट मिरवतो, तो मूळच्या गदेचे बूड आहे. मारायचे टोक खाली गेले, नक्षी होऊन.

विद्यापीठांची गोष्ट थोडी निराळी. तिथला अध्यापकवर्ग बहुतेक धर्मसंस्थेतला, त्यामुळे दंडाच्या माथ्यावर मुकुटाऐवजी देवघर आले. याचा सर्वांत देखणा नमुना स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहे. बिशप जेम्स केनेडी यांनी १४५० मध्ये तिथे सेंट साल्व्हेटर कॉलेज स्थापन केले आणि त्यासाठी पॅरिसहून दंड घडवून आणला. दंड चांदीचा, जागोजागी सोन्याचा मुलामा. माथ्यावर सगळीकडून उघडे, कमानीदार देवघर आणि त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा ख्रिस्त. कॉलेजचे नावच तारणहाराचे, तेव्हा मूर्तीही त्याचीच. भोवती देवदूत आहेत आणि त्यांच्याकडे ख्रिस्ताच्या छळाची साधने आहेत. विद्येचे चिन्ह म्हणून आपण दिवा किंवा पुस्तक शोधू जातो. इथे विद्येची सत्ता कुणाच्या पायाशी आहे, एवढेच सांगितले आहे. केनेडींची भूमिका पटो न पटो, ती त्यांनी स्वच्छ मांडली.

मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट मात्र मूर्तीपासून दूर आहे. दंडाबरोबरच्या एका लहानशा चकतीवर घडवणाऱ्या सोनाराने स्कॉट्स भाषेत आपली ओळख कोरली आहे : नाव जॉन मायेल, फ्रान्सच्या युवराजाच्या खासगीकडचा सेवक, गाव पॅरिस, साल १४६१. त्याच वर्षीच्या जुलैत तो युवराज अकरावा लुई म्हणून राजा झाला. मायेल त्याला अजून युवराजच म्हणतो, म्हणजे काम बहुधा त्याआधी हातावेगळे झाले असावे. साडेपाचशे वर्षांनंतरही कारागिराचा पत्ता लागतो, हे थोडे नाही.

ग्लासगो विद्यापीठाच्या दंडाने वनवासही भोगला. १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेचे वारे फिरले, तेव्हा तो फ्रान्सला नेला गेला आणि १५९० मध्ये परत आला. ही हकीकत त्याच्यावरच लॅटिनमध्ये कोरलेली आहे. एडिंबरा विद्यापीठाचा दंड १७८७ च्या ऑक्टोबरात चोरीला गेला तो गेलाच. आळ आला डीकन ब्रोडीच्या टोळीवर. हा ब्रोडी दिवसा शहराचा प्रतिष्ठित सुतार आणि नगरसेवक, रात्री घरफोड्या! १७८८ मध्ये दुसऱ्या एका घरफोडीसाठी तो फासावर गेला. नगरपरिषदेने १७८९ मध्ये विद्यापीठाला नवा दंड दिला. त्यासाठी खटपट करणारा पुस्तकविक्रेता विल्यम क्रीच ब्रोडीच्या खटल्यात ज्युरीत बसला होता.

दंड घेऊन चालणाऱ्याला तिकडे बीडल म्हणतात. आपल्याकडे त्याच्या जवळचा माणूस म्हणजे चोपदार. माउलींच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सगळ्या दिंड्यांचे टाळमृदंग थांबतात. दंडाचा धाक नव्हे, त्याचा मान कसा असतो हे पाहायचे तर वारीत पाहावे.

आपल्या विद्यापीठांनी ही प्रथा इंग्रजांकडून घेतली. स्वातंत्र्यानंतर दंडाला ‘ज्ञानदंड’, ‘मानदंड’ अशी नावे मिळाली. पण त्या दंडाबद्दल समारंभाच्या बातमीत ‘अग्रभागी ज्ञानदंड होता’ यापलीकडे क्वचितच काही छापून येते. माथ्यावर काय आहे, ते का निवडले, कुणाच्या हातून घडले, यातले काही नाही. तुमच्या विद्यापीठाचा दंड कुणी आखला आणि कुठल्या कारागिराने घडवला, हे ठाऊक असेल तर जरूर कळवा. निवडक माहिती या लेखमालेत देऊ. पुढच्या आठवड्यात विद्यापीठांची बोधचिन्हे.