हवेच्या दाबाचा नकाशा : तो कसा सिद्ध होतो व कसा वाचावा

एका सरीवर पेरावें तर दुबार पेरणीची भीति, थांबावें तर वाफसा जातो. हा पेंच शेतकऱ्यांस दरवर्षीं पडतो. अशा वेळीं हवामानखात्याच्या अंदाजावर किती विसंबावें, ही शंका पुष्कळांच्या मनांत असते. ज्या नकाशावर तो अंदाज उभारतात त्याची माहिती झाल्यास अंदाजापासून काय मागावें व काय मागूं नये, हें कळेल.

इ. स. १८६४ मध्यें कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झालें; पुढें १८६६ व १८७१ सालीं पावसानें दगा दिला. त्यानंतर १८७५ सालीं हिंदुस्थानांत हवामानखातें स्थापन झालें. त्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली व १९४४ सालीं दिल्लीस गेली.

देशांतील वेधशाळांत ठराविक घटकेस हवेचा दाब, उष्णमान, आर्द्रता, वारा, ढग व पाऊस यांची नोंद करितात. सकाळीं ८॥ व सायंकाळीं ५॥ या मुख्य वेळा होत. नोंद ठरलेल्या अंकलिपींत पाठवितात. प्रत्येक ठाण्यास क्रमांक असतो. पुण्याचा ४३०६३ आहे. त्यामुळें पुण्याचे आंकडे जपानांतील मनुष्यासही वाचतां येतात. पूर्वीं हें काम तारेनें चाले; आतां संगणकांच्या साह्यानें जागतिक हवामान संघटनेच्या दळणवळणांतून हे आंकडे थोडक्या वेळांत देशोदेशीं पोंचतात. समुद्रावरील उणीव जहाजें, तरंगतीं यंत्रें व उपग्रह भरून काढितात.

उंचीवर दाब कमी भरतो. म्हणून प्रत्येक आंकडा हिशेबानें समुद्रसपाटीवर आणावा लागतो. तसें न केल्यास पुणें मुंबईहून नेहमींच सुमारें ६० हेक्टोपास्कल कमी दिसेल. नंतर समान दाबाचीं ठिकाणें रेषांनीं जोडितात. याच समभाररेषा होत.

उष्ण कटिबंधांत खरी अडचण येथूनच लागते. थंड देशांत दाबाचे फरक मोठे, म्हणून तेथें दर ४ हेक्टोपास्कलांस एक रेषा पुरते. आपणांकडे दर दोहोंस काढावी लागते. शिवाय आपला दाब रोज सकाळीं दहाच्या सुमारास चढतो व दुपारीं चारच्या सुमारास उतरतो. हा फरक सुमारें ३ हेक्टोपास्कलांचा, म्हणजे दोन रेषांमधील अंतराहूनही अधिक! म्हणून सर्वांनीं एकाच घटकेस नोंद करणें अवश्य, व आजच्या दाबाची तुलना कालच्या त्याच वेळेशीं करणें योग्य. विषुववृत्तानजीक तर वारा समभाररेषांस धरून वाहत नाहीं. तेथें वाऱ्याच्या ओघाच्याच रेषा काढितात.

पावसाळ्यांत या नकाशावर राजस्थानापासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा पट्टा दिसतो. तो हिमालयाच्या पायथ्याशीं सरकला कीं महाराष्ट्रांत बहुधा उघडीप पडते. ती कोळपणी-खुरपणीची संधि समजावी. उपसागरांत बंद वर्तुळाकार रेषा दिसून तें क्षेत्र पश्चिमेकडे चालूं लागल्यास विदर्भाकडे पावसाची आशा धरावी.

मात्र नकाशा मुलुखाचा कल सांगतो, एखाद्या सर्व्हे नंबराचा नव्हे. एका शिवारांत बांध फुटावे व शेजारीं धूळ उडावी, हें आपण पाहतोंच. तालुका-कचेरीच्या पर्जन्यमापकाची नोंद प्रस्तुत लेखकानें अनेक वर्षें ठेविली आहे. त्या अनुभवावरून सुचवावेंसें वाटतें कीं, प्रत्येक गांवानें पर्जन्यमापक बसवून रोज सकाळीं ८॥ वाजतां पाणी मोजावें व तें वहींत लिहावें. खात्याचा अंदाज व गांवची वही शेजारीं ठेवून पाहिल्यास पेरणीचा निर्णय अधिक भरंवशाचा होईल.