आपोआप बंद पडणारा टीव्ही : दोष कोणाचा ?

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु बिघडली, कीं तिच्या दोषाआधीं माणसाचा दोष शोधला जातो. दूरचित्रवाणी संच ऐन बातम्यांच्या वेळीं आपोआप बंद पडूं लागला, कीं वडील मंडळी मुलांकडे पाहतात, मुलें वायरमनकडे बोट दाखवितात, आणि 'सकाळीं धूळ पुसतांना कांहीं ओढलें तर नाहीं ना ?' हा प्रश्न शेवटीं नव्या सुनेच्या वांट्यास येतो. यंत्राच्या बिघाडापेक्षां हा बिघाड आम्हांस अधिक गंभीर वाटतो. म्हणून खरें कारण शोधण्याची रीत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पालघर जिल्ह्यांतील, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगतचें सालवड हें गांव उदाहरणादाखल घेऊं. याच टापूंत तारापुरास देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र आहे; तें २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं व्यापारी तत्त्वावर वीज देऊं लागलें. मुंबई दूरदर्शन त्यानंतरचें, २ ऑक्टोबर १९७२ चें. विजेच्या माहेरघरीं टीव्ही बंद पडावा, हा दिव्याखालींच अंधार, असें कोणासही वाटेल. परंतु केंद्रांतील वीज उच्च दाबानें प्रथम दूरवर पसरलेल्या जाळ्यांत जाते, आणि घरीं येते ती उपकेंद्र, रोहित्र व गल्लींतील तारा यांतून फिरून. केंद्राचा शेजार लाभला म्हणून घरांतील वीज निर्दोष ठरत नाहीं. शिवाय समुद्र जवळ. दमट, क्षारयुक्त हवेनें तारांचे सांधे व पिना लवकर गंजतात.

कारण शोधण्यास आपल्या न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकच पुरे आहे. जें असतां दोष दिसतो आणि जें काढतां दोष जातो, तेथें कारण शोधावें. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर संच कदाचित् सुधारेल, पण कशानें सुधारला हें कळणार नाहीं.

संच बंद पडतांच रिमोट न उचलतां संचावरील लहान तांबड्या दिव्याकडे पाहावें. तो दिवाही विझला असेल, तर संचास वीजच पोंचत नाहीं. भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा. पिना काळवंडल्या असतील किंवा प्लॅस्टिक वितळलें असेल, तर सॉकेट सैल आहे असें समजून वायरमनकडून तें बदलून घ्यावें. अशा सैल सांध्यांतूनच आगी लागतात, तेव्हां येथें चालढकल नको. सर्व ठीक दिसल्यास एक्स्टेन्शन बोर्ड वगळून संच दुसऱ्या सॉकेटास जोडून पाहावा. मधें स्टॅबिलायझर असेल, तर तोही वीज तोडीत असेल. आपल्याकडे घरगुती विजेचा ठरीव दाब २३० व्होल्ट. तो फार उतरला वा चढला कीं स्टॅबिलायझर आपलें काम करतो, आणि ठपका संचावर येतो. पाण्याची मोटार सुरू होतांच संच बंद पडतो काय, हेंही पाहावें.

दिवा स्थिर जळत असेल, तर वीज शाबूत असून संचानें बहुधा कोणाची तरी आज्ञा पाळली आहे. निजतांना लावलेला 'स्लीप टाइमर' तसाच राहतो. कांहीं संच तासन् तास रिमोटला हात न लागल्यास, किंवा चित्राचा संकेत न आल्यास, स्वतःहून बंद होतात. एचडीएमआय तारेनें जोडलेला सेट टॉप बॉक्स बंद होतांना टीव्हीसही बंद करूं शकतो. या सोयी सेटिंगमध्यें जाऊन काढतां येतात. रिमोटचें बटण दबून अडकल्याचा संशय असल्यास त्यांतील सेल एक दिवस काढून ठेवावेत.

दिवा ठराविक वेळां लुकलुकत असेल, तर दोष बहुधा आंतला आहे. किती वेळां लुकलुकला तें मोजून कारागिरास सांगावें. आवाज चालू राहून चित्रच काळें पडलें, तर पडद्यावर तिरपी विजेरी धरावी. अंधुक चित्र दिसल्यास मागील प्रकाशयोजना गेली असें समजावें. तासाभरानें बंद पडून थंड झाल्यावर पुन्हां चालणारा संच बहुधा तापत असतो. आमच्या भगिनींनीं प्रेमानें विणलेलें आच्छादन संच चालू असतांना काढून ठेवावें, व पाठीमागें हवेस वाट असूं द्यावी.

पाठ उघडण्याचा मोह मात्र कोणीही धरूं नये. प्लग काढल्यानंतरही आंतील कांहीं भागांत विजेचा सांठा राहतो. जुन्या काचनळीच्या संचांत तर हजारों व्होल्टचा दाब असे. पावसाळ्यांत विजा कडाडूं लागण्यापूर्वींच प्लग आणि छतावरून येणारी तार दोन्ही काढून ठेवावीं.

शेवटीं एक सूचना. संचाजवळ लहानशी वही ठेवून चार दिवस टिपण करावें : किती वाजतां बंद पडला, सुरू केल्यापासून किती मिनिटांनीं, दिवा कसा होता, घरांतील इतर दिवे मंदावले काय. दर वेळीं अंतर सारखेंच आलें तर टाइमरचा संशय घ्यावा. अनियमित आलें तर सांध्याचा. ही वही पाहिल्यावर कारागीरही चांगला भाग उगाच बदलावयास सहसा धजणार नाहीं, आणि घरांत निवाडा देण्यापूर्वीं पुरावा पाहण्याची संवय लागेल, तो लाभ निराळाच.